एकाला झटका आला, तर घराचे रक्त तपासा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मोठ्या सोसायट्यांत वर्षातून एखाद्या रविवारी आरोग्य शिबिर भरते. क्लबहाउसमध्ये टेबले मांडली जातात, खासगी लॅबची माणसे उपाशीपोटी आलेल्या रहिवाशांचे रक्त घेतात आणि एक-दोन दिवसांत मोबाइलवर रिपोर्ट येतो. त्या लांबलचक यादीत ‘लिपिड प्रोफाइल’ नावाचा एक भाग असतो. त्यातला एखादा आकडा ठळक छापलेला असला की घरातले बोलणे ठरलेले असते. बाबांचा वडापाव बंद, आईचे तूप बंद, मुलाचे बाहेरून मागवणे बंद. पंधरा-वीस दिवस सगळे नेटाने पाळतात, मग ढिले पडतात, आणि ज्याचा आकडा जास्त आला त्याच्या मनात अपराधीपणा तेवढा उरतो.

रक्तातल्या चरबीचा शोध आपण फक्त ताटात घेतो. तो घराण्यातही घ्यायला हवा, आणि ते काम ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी अंगावर घ्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. कमी वयात हृदयविकाराचा झटका आलेला माणूस रुग्णालयात दाखल झाला, की त्याच्या सख्ख्या भावंडांचे, मुलांचे आणि हयात आई-वडिलांचे रक्त मोफत तपासले गेले पाहिजे. मागणी एवढीच आहे. तिच्यामागचे विज्ञान पन्नास वर्षांचे जुने आहे आणि ते अजून आपल्या दवाखान्यांपर्यंत पोचलेले नाही, याची मला खंत वाटते.

१९६८च्या सुमारास मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन तरुण डॉक्टर अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करत होते. तिथे त्यांनी दोन सख्खी भावंडे पाहिली, मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा. दोघांच्या रक्तात कोलेस्टेरॉल नेहमीच्या कित्येक पट होते आणि दोघांनाही हृदयविकार जडला होता. सहा वर्षांच्या मुलीने असे काय खाल्ले असणार? हा प्रश्न त्या दोघांनी सोडला नाही. पुढे टेक्सासमधल्या डल्लास इथे त्यांनी अशा रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि निरोगी माणसांच्या पेशींशेजारी ठेवून पाहिल्या. निरोगी पेशींना बाहेरून एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, दिले की त्या स्वतःचे कोलेस्टेरॉल बनवणे थांबवत. आजारी मुलांच्या पेशी मात्र एलडीएल समोर असूनही ते आत घेत नव्हत्या आणि आपले उत्पादनही थांबवत नव्हत्या. १९७३-७४ मध्ये उलगडा झाला. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडून आत नेणारे एक प्रथिन असते, त्याला एलडीएल रिसेप्टर म्हणतात, आणि या मुलांकडे ते चालू स्थितीत नव्हते. १९८५ साली या कामासाठी दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या रिसेप्टरचे काम ठाणे-वाशी लोकलसारखे चालते. रक्तातला एलडीएलचा कण पृष्ठभागावर उचलायचा, पेशीच्या आत उतरवायचा आणि रिकामे परत यायचे. एका फेरीला साधारण दहा मिनिटे लागतात आणि एका रिसेप्टरचे आयुष्य असते सुमारे वीस तासांचे. त्या अवधीत तो शंभराहून अधिक फेऱ्या मारतो. यकृताच्या पेशींवर हे रिसेप्टर सर्वांत जास्त कामाला असतात. एखाद्याचे निम्मेच रिसेप्टर काम करत असतील तर एलडीएल रक्तातच साचत राहते, मग तो माणूस कितीही बेताने जेवो.

त्या दोन भावंडांसारखी, आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळालेली माणसे फार विरळा. पण एकाच पालकाकडून ते मिळालेली, म्हणजे निम्म्या रिसेप्टरांवर जगणारी माणसे आपल्याला वाटते त्याहून कितीतरी जास्त आहेत. जगभरच्या पाहण्यांत हे प्रमाण साधारण ३०० माणसांमागे एक असे येते. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार आणि नवी मुंबईची ११ लाख २० हजार होती. तेच प्रमाण इथे लावले तर या दोन शहरांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे अशी निघतील, आणि लोकसंख्या तेव्हापासून वाढलीच आहे. त्यांचे एलडीएल जन्मापासून इतरांच्या दुपटीच्या घरात असते. उपचार न मिळाल्यास अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना वयाच्या पन्नाशीपर्यंत हृदयाच्या धमन्यांचा विकार गाठतो. स्त्रियांना तो थोडा उशिरा गाठतो. आणि बहुतेकांना पहिला झटका येईपर्यंत कशाचाच पत्ता नसतो.

हा दोष आई किंवा वडिलांपैकी एकाकडून आलेला असतो, म्हणून प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि प्रत्येक मुलात तो असण्याची शक्यता निम्मी असते. वैद्यकात सहसा इतका मोठा सुगावा हाती लागत नाही. तीनशे अनोळखी माणसे तपासावीत तेव्हा एक सापडतो, आणि सापडलेल्याच्या घरात दोघांना तपासले तर एक. नेदरलँड्सने हाच धागा धरून १९९४ पासून सुमारे वीस वर्षे सरकारी खर्चाने घराणी तपासली आणि २८ हजारांच्या आसपास माणसे हुडकून काढली. स्लोव्हेनियात तर पाच वर्षांच्या सगळ्याच मुलांचे कोलेस्टेरॉल पाहतात. मी आज तेवढे मागत नाही. ज्या घरात आधीच एक माणूस कोसळला आहे, त्या घराकडे तरी पाहा, एवढेच मागते आहे.

आपल्याकडे काय होते? चाळीस-बेचाळीस वर्षांचा, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा माणूस छातीत दुखून दाखल होतो. अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो, चार दिवसांनी घरी सोडतात. हातात डिस्चार्ज पेपर असतो. त्यावर गोळ्यांची नावे असतात, तेलकट टाळा, धूम्रपान टाळा, पुढच्या तपासणीची तारीख असते. तुमच्या भावाला, बहिणीला, दहावीतल्या मुलीला रक्त तपासायला पाठवा, असे एक वाक्य त्यावर क्वचितच दिसते. भेटायला आलेले नातेवाईक खाटेभोवती उभे राहून म्हणतात, “अहो, हा तर किती बारीक, ह्याला कसं झालं?” आणि उत्तर म्हणून कामाचा ताण, प्रवास, बाहेरचे खाणे यांवर बोलून निघून जातात. त्यांतल्याच एखाद्याच्या रक्तात तोच आकडा असतो.

यात सर्वांत जास्त सुटतात त्या लग्न होऊन गेलेल्या बहिणी. भावाला ठाण्यात झटका आला, तर बहीण साताऱ्याहून किंवा चिपळूणहून धावत येते, दोन रात्री रुग्णालयात काढते, वहिनीला धीर देते. पण ‘घरच्यांची तपासणी’ असा विषय निघालाच तर घर म्हणून भावाची बायको आणि मुले मोजली जातात. बायकोचे या जनुकाशी काहीच नाते नसते, आणि बहिणीचे असते. सासरी गेली, आडनाव बदलले, तरी तिचे यकृत माहेरचेच असते, आणि तिच्या मुलांनाही तो वाटा मिळालेला असू शकतो. बाईला हृदयविकार होत नाही, हा समज आपल्याकडे अजून इतका घट्ट आहे की छातीत कळ आली तरी ती आधी ॲसिडिटीची गोळी घेते. म्हणून घराण्याची तपासणी म्हणजे कोणाची, हे रुग्णालयानेच लेखी सांगायला हवे. ते कुटुंबाच्या समजुतीवर सोडून चालणार नाही.

तुर्भ्याच्या बाजार समितीतल्या माथाडी कामगारांचेही तेच. पन्नास किलोचे पोते पाठीवर वाहणाऱ्याला कसला आलाय झटका, असे तिथेही म्हटले जाते. कष्टाने शरीराला फायदा होतो हे खरे, पण जन्मतः निम्मे असलेले रिसेप्टर पोती वाहून दुप्पट होत नाहीत. या कामगारांची कुटुंबे बहुतेक पश्चिम महाराष्ट्रातली, भाऊ इथे तर आई-वडील गावी. एका महापालिकेच्या हद्दीत घराणे मावत नाही ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावे एक चिठ्ठी.

आता आहाराचा मुद्दा, कारण आक्षेप तिथूनच येणार. जेवणाला काहीच महत्त्व नाही का? आहे, आणि मोठे आहे. तूप, लोणी, मलई, पामतेल यांतली संपृक्त चरबी जास्त झाली की यकृतावरचे रिसेप्टर कमी होतात. ट्रान्स फॅट तर त्याहून वाईट. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली, ते चांगलेच झाले. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवण्यावरही नियम आहे. त्यातल्या पोलर संयुगांचे, म्हणजे तेल खराब होताना तयार होणाऱ्या पदार्थांचे, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचे. स्टेशनाबाहेरच्या कढयांवर हा नियम किती पाळला जातो हे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको, आणि त्यासाठीही मी भांडायला तयार आहे.

पण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड (शरीर इंधन म्हणून वापरते ती चरबी) या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच ‘चरबी’ या नावाखाली ढकलतो, तिथे गोंधळ होतो. जेवणातून आलेली चरबी आतड्यातून मोठ्या कणांत भरून रक्तात येते. केशवाहिन्यांच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर (एन्झाइम) बसलेले असते. ते या कणांतले ट्रायग्लिसराइड तोडून स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना देते. यकृत स्वतःही असे कण बनवून पाठवत असते. भात, मैदा, साखर, दारू यांचा भरणा झाला आणि दिवसभर बसून काम असले की यकृताचे हे उत्पादन वाढते, इन्शुलिनचे ऐकले जात नाही, ट्रायग्लिसराइड चढते आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, उतरते. भारतीयांमध्ये ही जोडगोळी फार दिसते. आहार आणि चालणे यांनी ट्रायग्लिसराइड झपाट्याने खाली येते, हे मधुमेहाचा प्रत्येक डॉक्टर सांगेल. घराण्यातून आलेले एलडीएल तसे हलत नाही. ज्याचे ट्रायग्लिसराइड ३०० आहे त्याला आणि ज्याचे एलडीएल २२० आहे त्याला एकच सल्ला देऊन घरी पाठवणे म्हणजे दुसऱ्याला वाऱ्यावर सोडणे.

बारीक अंगाचा दिलासाही आपण खोटाच घेतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचे शेजारी शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र छापले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि बाळे यांचा १९९३ पासून पाठपुरावा केला आणि दाखवून दिले की आपली बाळे जन्मतः कमी वजनाची असूनही चरबी राखून असतात. आपल्या मातीतल्या संशोधकाने आपल्याच माणसांबद्दल शोधलेली ही गोष्ट आपण मनावर घेतली असती, तर वजनकाट्याकडे पाहून कोणालाही निर्धास्त केले नसते.

दुसरा आक्षेप वयाचा. विशी-पंचविशीतल्या मुलांना कशाला या चक्रात ओढायचे? याचे उत्तर पुन्हा डल्लासमधूनच आले. २००३ मध्ये माँट्रियल आणि पॅरिसच्या संशोधकांनी पीसीएसके९ नावाचे जनुक शोधले. त्यापासून बनणारे प्रथिन एलडीएल रिसेप्टरांचा नाश घडवते. डल्लासच्या हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी याची उलट बाजू पाहिली. काही कृष्णवर्णीय अमेरिकन माणसांत या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी होती, त्यामुळे त्यांचे रिसेप्टर जास्त टिकत. त्यांचे एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होते आणि पंधरा वर्षांच्या पाहणीत हृदयाच्या धमन्यांचा विकार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी आढळला. एलडीएलमध्ये एवढीच घट गोळ्यांनी साठीत आणली तर इतका फायदा होत नाही. धमनीवर चरबीचा थर वर्षानुवर्षे चढत असतो, म्हणून एलडीएल किती होते याइतकेच ते किती वर्षे होते यालाही महत्त्व आहे. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली रक्तातल्या चरबीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पहिली तपासणी १८व्या वर्षी आणि घरात लवकरच्या हृदयविकाराचा इतिहास असल्यास त्याहूनही आधी करायला सांगितले आहे. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी, इतरांपेक्षा जवळपास सहा वर्षे आधी येतो, हे ‘इंटरहार्ट’ या बहुदेशीय पाहणीत दिसले होते. आपल्याकडे चाळिशीची वाट पाहत बसणे परवडणारे नाही.

हृदयरोगतज्ज्ञांच्या याच मार्गदर्शक तत्त्वांत लायपोप्रोटीन (ए) या एलडीएलसारख्या कणाची तपासणी आयुष्यात एकदा तरी करायला सांगितली आहे. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ साली शोधलेला हा कण जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतो, आहाराने फारसा हलत नाही. तोही घराण्यातून चालत येतो. सोसायटीतल्या पॅकेजांत तो सहसा नसतो.

तिसरा आक्षेप मोबाइलवर रोज फिरतो. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या, हा कंपन्यांचा धंदा, या गोळ्यांनी स्मरणशक्ती जाते, यकृत खराब होते, एकदा सुरू केली की सुटत नाही. या भीतीची मी टर उडवणार नाही, कारण आयुष्यभराची गोळी घेताना माणूस बिचकणारच. म्हणून या गोळ्यांचा इतिहास सांगायला हवा. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७१ पासून सहा हजारांहून अधिक बुरशी आणि सूक्ष्मजीव एकेक करून तपासले, आणि क्योतोच्या एका दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर बुरशीत त्यांना १९७३ साली पहिले स्टॅटिन सापडले. हे औषध यकृताचे स्वतःचे कोलेस्टेरॉल बनवणे कमी करते. मग यकृताला तुटवडा जाणवतो आणि ते पृष्ठभागावर जास्त रिसेप्टर आणते. म्हणजे निम्म्या रिसेप्टरांवर जगणाऱ्या माणसाचे उरलेले चांगले जनुक जास्त जोमाने कामाला लागते. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिम्वास्टॅटिन या स्टॅटिनने मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटवले. काहींना स्नायूंत दुखते, काहींची साखर थोडी वाढते, गरोदरपणाचा विचार असलेल्या बाईने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे सगळे खरे आहे आणि रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे. पण पेटंट केव्हाच संपले आहे. जनऔषधी केंद्रात एका वडापावच्या पैशांत ॲटोरव्हास्टॅटिनच्या कित्येक दिवसांच्या गोळ्या येतात.

खर्च आता सरकारच्या बाजूने पाहू. तीस वर्षांवरील नागरिकांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमात रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनांचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग एवढ्यांची सरसकट तपासणी होते. आशाताई घरोघरी जाऊन अर्ज भरतात. रक्तातली चरबी त्या सरसकट तपासणीत नाही. दुसरीकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झटका आल्यावरच्या अँजिओप्लास्टीचे पैसे सरकार भरते, आणि ते भरलेच पाहिजेत. पण ज्या सरकारने एका भावाच्या स्टेंटचा खर्च उचलला, त्याने दुसऱ्या भावाच्या लिपिड प्रोफाइलला नाही म्हणणे मला पटत नाही. दोन्हींच्या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही.

यंत्रणा नव्याने उभारायची गरज नाही. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि वाशीच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रयोगशाळा आहेत. नागरी आरोग्य केंद्रे, आपला दवाखाना आहेत. उपाशीपोटी येण्याची अटही आता बहुतेकांसाठी उरलेली नाही. जेवल्यानंतरच्या रक्तावरही कोलेस्टेरॉल विश्वासाने मोजता येते, ट्रायग्लिसराइड फार चढलेले दिसले तरच पुन्हा उपाशी बोलावायचे. पहाटेची लोकल पकडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. संध्याकाळी स्टेशनवरून घरी जाताना तो रक्त देऊ शकतो, फक्त केंद्र तेव्हा उघडे हवे. रिपोर्ट वाचायलाही अवघड नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की उरलेला आकडा बहुतेकांसाठी १३०च्या खाली असावा. प्रौढ माणसाचे एलडीएल १९०च्या पुढे असेल तर घराण्याचा संशय धरायचाच. टाचेमागच्या दोरीसारख्या कंडरेवर गाठ, तरुणपणीच बुबुळाभोवती पांढरट कडे, अशा खुणा परिचारिकेलाही शिकवता येतात.

खासगी रुग्णालयांना यात आणल्याशिवाय अर्थ नाही, कारण या दोन शहरांत झटक्याचे किती तरी रुग्ण तिथेच जातात. त्यांची नोंदणी आणि नूतनीकरण महापालिकेकडे होते. पंचावन्न वर्षांखालील पुरुष किंवा पासष्ट वर्षांखालील स्त्री झटक्याने दाखल झाली, तर डिस्चार्ज पेपरवर नातेवाईकांच्या तपासणीची ओळ मराठीत छापा, एवढी अपेक्षा महापालिका त्यांच्यापुढे ठेवू शकते. नातेवाईकांची नावे मात्र रुग्णाच्या संमतीशिवाय कुठेही जाता कामा नयेत. मुलीच्या लग्नात अडचण येईल या धास्तीने घराणे आजार लपवते, ही भीती मी जवळून पाहिली आहे. नाव फुटले असे एकदा जरी झाले, तर पुढची दहा घरे दारच उघडणार नाहीत.

सुरुवात लहान असली तरी चालेल. पहिले वर्ष फक्त कळवा आणि वाशी. प्रत्येक रुग्णामागे किती नातेवाईक बोलावले, किती आले, किती जणांचे एलडीएल जास्त निघाले आणि त्यांतल्या किती जणांची गोळी सहा महिन्यांनंतरही चालू आहे, हे आकडे महापालिकेने वर्षअखेरीस नावांशिवाय जाहीर करावेत. न आलेल्यांचा आकडा मोठा निघाला तर तोही छापावा, कारण फोन कोणी करायचा, केंद्र रात्री किती वाजेपर्यंत उघडे ठेवायचे आणि गावच्या नातेवाइकांपर्यंत चिठ्ठी कशी पोचवायची, हे त्या आकड्यावरूनच ठरवता येईल.